किमान वीस मिनिटं

हात पुस्तक धरून हवेतच थांबला. खाली आला नाही, वर गेला नाही, कुठे खटका वाजला नाही की जळका वास आला नाही. वाचता वाचता डोळा लागलेल्या माणसाचा हात जसा पुस्तकासकट राहून जातो, तसा राहिला. सकाळी नऊपासून हा हात वाचनालयात परत आलेली पुस्तकं एकेक करून सरकत्या पट्ट्यावरून उचलत होता, त्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या काळ्या रेघा छोट्या लाल दिव्यासमोर धरून वाचत होता आणि कथा, प्रवास, गणित, मुलांची अशा ज्याच्या त्याच्या पेटीत अलगद ठेवत होता. नऊशे चाळीस पुस्तकं. मी मोजत होते. मोजायची काही गरज नव्हती, यंत्र स्वतःच मोजतं, पण मी मोजत होते, कारण मी तशीच आहे. आणि नऊशे एकेचाळिसावं पुस्तक हातात घेऊन माझं दोन वर्षांचं काम, परतीच्या खिडकीमागच्या त्या लांबट खोलीत, उभ्या उभ्या गप्प झालं. सहा वाजायला अजून पाऊण तास होता.

सहा वाजेपर्यंतच सगळं होतं. ग्रंथपालबाईंची अट एका ओळीची होती. "नऊ ते सहा. यंत्राला कुणी हात लावायचा नाही. लावलात, तर जसं आणलंत तसं घेऊन जायचं." त्यांचंही खरं होतं. याआधी त्यांच्याकडे कुठूनतरी एक यंत्र आलं होतं, त्याच्या पाठीत दर तासाला एक धपाटा घालावा लागायचा, आणि पुस्तकं लावणारी बाई आपली पुस्तकं सोडून दिवसभर धपाटे घालत असायची. "मला आपलं आपण काम करणारं यंत्र पाहिजे," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "मूल नको. मुलं मी दोन वाढवलीत." हे यंत्र परत गेलं असतं तर कंपनीतला आमचा विभाग बंद होणार होता. विभाग म्हणजे तीन माणसं. मी प्रोग्रॅम लिहिते, एकजण लोखंड कापतो आणि जोडतो, आणि एक वायरमन, जो त्या दिवशी माझ्याबरोबर आला होता. तुम्हाला दुसरीकडे सामावून घेऊ, असं मोठे साहेब म्हणाले होते, पण ज्या आवाजात लोक 'या एकदा घरी' म्हणतात त्या आवाजात. बावन्नाव्या वर्षी मला तो आवाज ओळखता येतो.

"मॅडम, अडकलं," वायरमन कुजबुजला. "बंद करून चालू करू. दोन सेकंदांचं काम. बाई बाहेर आहेत."

"हात लावायचा नाही."

"मी बोट लावतो."

मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण खरं सांगायचं तर बटणाच्या जवळ त्याच्या बोटापेक्षा माझंच बोट होतं. ते तिथे कधी गेलं मला कळलंच नव्हतं. मी ते ओढून पदराआड घेतलं आणि यंत्राच्या कपाळावरच्या छोट्या पडद्यावर डोळे लावले, कारण डोळे लावायला बंदी नव्हती. शेवटची ओळ होती पाच वाजून अकरा मिनिटांची. 'तीनदा वाचलं, जमलं नाही. थोडं थांबतो.' हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मुलांचं पुस्तक होतं आणि कुणा पोराने त्या काळ्या रेघांवर बरोब्बर मधोमध एका पिवळ्या बदकाचं चित्र चिकटवलं होतं. आमच्या कारखान्यात आम्ही कोऱ्या पुस्तकांवर तपासण्या केल्या, बदक कुणालाच सुचलं नाही. पण बदक आलं तर काय करायचं ते मी लिहिलेलं होतं. तीनदा वाचता आलं नाही तर थोडं थांब, पुन्हा एकदा बघ, तरीही नाही जमलं तर 'माणसाने पाहावे' असं लिहिलेल्या पेटीत ठेव. सगळं शहाण्यासारखं लिहिलेलं होतं. मग हे उठत का नाही? मी पिशवीतून लॅपटॉप काढला, ती ओळ शोधली आणि कपाळाला हात लावला. 'थोडं' म्हणून मी बाराशे लिहिलं होतं. मिलिसेकंद. म्हणजे एक सेकंद आणि वर चिमूटभर. माझ्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये थांबण्याचं माप मिलिसेकंदच आहे, पण या एकाच ठिकाणी, कुठल्या कंटाळलेल्या दुपारी देव जाणे, मी दुसरी आज्ञा वापरली होती, जिचं माप सेकंद आहे. बाराशे सेकंद. साठने भागायला मला लॅपटॉप लागला नाही. वीस मिनिटं.

म्हणजे ते मेलं नव्हतं. झोपलं होतं. आमच्या धंद्यात याला झोपच म्हणतात, मी काही लाडाने म्हणत नाही. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरीच कामं चाललेली असतात, त्या एकेका कामाला आम्ही थ्रेड म्हणतो. हाताचा एक, पट्ट्याचा एक, दिव्यांचा एक. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या घरातली मोठी जाऊ, कुणी कधी पुढे व्हायचं ते ती ठरवते. एखादा थ्रेड म्हणाला, मला इतका वेळ झोपू दे, की ती त्याला रांगेतून बाजूला घेते. तो कुठल्या ओळीवर होता, त्याच्या हातात काय होतं, सगळं जसंच्या तसं जपून ठेवते. वेळ भरली की त्याला उठवून पुन्हा रांगेत उभं करते आणि तो पुढच्या ओळीपासून कामाला लागतो, मधे काही झालंच नाही अशा थाटात. फक्त एक मेख आहे. तिचं वचन 'किमान'चं असतं. सांगितलेल्या वेळेच्या आधी उठवणार नाही, एवढीच हमी. वर किती, ते तिच्या मर्जीवर. एरवी ही 'वर'ची वेळ इतकी बारीक असते की माणसाला जाणवत नाही, पण हमी नाही ती नाही. मी मनातल्या मनात अकरात वीस मिळवले. पाच एकतीस. किमान.

तेवढ्यात ग्रंथपालबाई आत आल्या. उंच, हातात शिक्का, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. पट्टा भरून आपणहून थांबला होता, खिडकीतून पडणारी पुस्तकं खालच्या पेटीत धपधप साठत होती, आणि ती धपधप त्यांनी बाहेर ऐकली होती. वायरमन कधी नव्हे तो छताकडे पाहायला लागला. मला वाटलं सांगावं, मुद्दामच तसं ठेवलंय, दिवसातून एकदा विश्रांती घेतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं.

"झोपलंय," मी म्हणाले.

"कोण?"

"यंत्राचा हात. माझी चूक आहे. मला एक सेकंद सांगायचं होतं, मी वीस मिनिटं सांगितली."

बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला, हाताकडे पाहिलं, बदकाकडे पाहिलं. "आणि उठणार कधी?"

"पाच एकतीसला. त्याच्या आधी नाही."

"उठवायला कुणी लागतं?"

"नाही. आपलं आपण उठेल."

"नक्की?"

नक्की हा शब्द मी आयुष्यात फार जपून वापरलाय. "उठायला पाहिजे," मी म्हणाले.

"मग झोपू दे. हात लावायचा नाही अशी माझी अट होती, झोपायचं नाही अशी नव्हती. माझे अर्धे वाचक इथे झोपायलाच येतात." त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दाराशी बसल्या. "पण सहाला हा ढीग संपलेला हवा. आणि उठलं नाही, तर न्या."

हे सगळं त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला रागही येईना. वीस मिनिटं काही करायचं नव्हतं. कुणालाही सोपं वाटेल. पण मला लोक 'टोचणी' म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. दूध तापायला ठेवलं की मी इतक्या वेळा झाकण उचलते की ते तापायचंच विसरतं, असं माझा नवरा म्हणतो. मुलगी प्रवासाला निघाली की ती पोचल्याचा फोन करायच्या आत माझे चार झालेले असतात. निघालीस का, बसलीस का, कुठवर आलीस. एखादा थ्रेड असाही लिहिता येतो, जो झोपत नाही, नुसता विचारत राहतो, झालं का, झालं का, झालं का, सेकंदाला लाखो वेळा. काम शून्य, पण सगळं यंत्र तापवून ठेवतो, दुसऱ्या कुणाची पाळी म्हणून येऊ देत नाही. नव्याने शिकणाऱ्यांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते, वाट बघायची तर झोपून बघा बाबांनो, जागं राहून दुसऱ्यांचं डोकं खाऊ नका. आणि मग घरी जाऊन झाकण उचलते.

'टोचणी' हे नाव मला बाबांनी दिलं. ते शहर बस चालवायचे. पहाटेची पाळी आणि दुपारची पाळी यांच्या मधे त्यांना पाऊण तास मिळायचा, डेपो घरापासून सात मिनिटांवर. आई कामावर, माझी शाळा सकाळची, म्हणजे त्या पाऊण तासाला घरात आम्ही दोघंच. ते यायचे, खाकी शर्ट काढून खिळ्याला लावायचे, दहा मिनिटांत जेवायचे, आणि बरोबर एक वाजता जमिनीवर सतरंजी टाकून, डोळ्यांवर आडवा हात घेऊन म्हणायचे, "मोठा काटा चारवर आला की टोच." मी सात वर्षांची. गजराचं घड्याळ मांडीत घेऊन मी त्यांच्या पायांशी बसायची. गजर लावता आला असता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि त्यांच्याही नसावं. फरशी गार असायची. त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि कपड्यांच्या साबणाचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून कुठे आला तर मी थांबते. त्यांचा डावा अंगठा मधूनच हलायचा, क्लच दाबल्यासारखा, आणि मला हसू यायचं. सगळं घर, सगळी गल्ली, दुपारची बस, त्या बसची वाट बघत थांब्यावर उभी असलेली माणसं, हे सगळं माझ्या मांडीतल्या काट्यावर आहे असं वाटायचं. इतकं मोठं मला नंतर कधी वाटलं नाही, पगार वाढला तेव्हाही नाही. काटा चारला टेकला रे टेकला की मी तळपायाच्या मधोमध बोट खुपसायची. ते लगेच उठायचे. "काय टोचतेस गं! टोचणी कुठली!" आणि शर्ट घालून निघायचे. पुढे मी नोकरीला लागल्यावर त्यांनी एकदा ऑफिसात फोन करून थेट विचारलं, "टोचणी आहे का?" झालं, तिथेही बारसं झालं.

आणि मग ती एक दुपार. आदल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाची पाळीही केली होती. ते जेवलेसुद्धा अर्धवट. डोळ्यांवर हात होता, पण हाताखालून दिसणारा चेहरा इतका दमलेला होता की काटा चारवर आला आणि माझं बोट काही पुढे होईना. मी ठरवलं, एक मिनिट देऊ. माझ्याकडे काय होतं त्यांना द्यायला, एक मिनिट होतं. मग आणखी एक. काटा पाचला गेला, पाचच्या पुढे गेला. मी टोचलं तेव्हा एक सत्तावीस झाले होते. ते उठले, घड्याळाकडे पाहिलं, एक शब्द बोलले नाहीत, बुटांच्या नाड्या न बांधताच निघून गेले. रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, "आज गाडी उशिरा सुटली म्हणे. साहेबांनी यांच्याकडून लिहून घेतलंय." बाबा खाली मान घालून जेवत होते. मला कुणी रागावलं नाही, आणि तेच वाईट झालं. रागावले असते तर रडून मोकळी झाले असते. त्या दिवसापासून मी कुणाला एक मिनिट दिलं नाही. स्वतःला तर नाहीच. आयुष्यभर टोचत आले, माणसांना, यंत्रांना, दुधाला.

पिशवीत फोन थरथरला. बाबाच. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, पण रोज पाच वीसला फोन म्हणजे पाच वीसलाच, गाडी सुटावी तसा. बाईंनी दाराबाहेरच्या जिन्याकडे बोट केलं. मी पाठमोरी होऊन जिन्यात गेले. खोलीतून निघताना मान वळवून दोनदा पाहिलं, हात तसाच होता, बदक तसंच होतं.

"चहा झाला का?" बाबा.

"बाबा, आत्ता नको. माझं यंत्र झोपलंय."

"झोपलंय म्हणजे?"

मी सांगितलं. बाराशे, सेकंद, वीस मिनिटं, सगळं. त्यांना ब्याऐंशीव्या वर्षी यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण वीस मिनिटं म्हटल्यावर ते हसायला लागले. हसताना त्यांना खोकला येतो. खोकला संपेपर्यंत मी जिन्याचा कठडा धरून उभी.

"मग उठेल की. ज्याने वीस मिनिटं सांगून पाठ टेकली, तो उठतोच."

"तुम्हाला मी उठवायचे म्हणून तुम्ही उठायचात."

"कोण, तू?" ते पुन्हा हसले. "अगं, ड्रायव्हर माणूस मी. अठराव्या मिनिटाला जाग यायची मला, तू नसतीस तरी आली असती. पडून राहायचो डोळे मिटून. तू काय काय करायचीस, सगळं ऐकू यायचं. मिनिटं मोजायचीस पुटपुटत, मधेच घोळ घालायचीस, पुन्हा मागून धरायचीस."

जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं एक तावदान उन्हात चकाकत होतं, मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

"मग कशाला सांगायचात टोच म्हणून?"

"तू बसायचीस ना मग. नाहीतर पळाली असतीस खेळायला."

"आणि ती दुपार?" पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता. "मी उठवलं नाही ती. गाडी उशिरा सुटली तुमची. लिहून द्यावं लागलं."

पलीकडून कपबशीचा आवाज आला.

"तेव्हाही जागाच होतो," बाबा म्हणाले. "काटा चारवर गेला असणार, तू टोचलं नाहीस. म्हटलं, बघू तरी काय करते. तर तू पाढ्यांची वही घेऊन मला वारा घालायला लागलीस. विसरलीस? एका हाताने घड्याळ धरलेलं, दुसऱ्या हाताने वारा. माझी आई गेल्यापासून मला कुणी वारा घातला नव्हता बघ. म्हटलं, जाऊ दे गाडी."

"बाबा!"

"सात मिनिटं घातलास. हात दुखला असेल तुझा."

"साहेबांना काय लिहून दिलंत?"

"लिहिलं, घरी महत्त्वाचं काम होतं." ते पुन्हा खोकले. "खोटं नाही लिहिलं मी. जा आता, तुझं यंत्र उठेल."

फोन पिशवीत टाकून मी आत आले तेव्हा माझा चेहरा कसा झाला होता माहीत नाही, कारण वायरमनने घाबरून विचारलं, "काही वाईट बातमी का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि हसू आवरेना म्हणून भिंतीकडे तोंड केलं. पाढ्यांची वही. तिच्यावर निळं वेष्टण होतं, कोपऱ्यात शाईचा डाग होता. इतकी वर्षं मी ती दुपार उलटसुलट करून पाहिली होती, काटा पाहिला, बूट पाहिले, आईचं वाक्य अक्षरशः पाठ होतं, आणि त्यात ती वही कुठेच नव्हती. गुन्हा तेवढा मी जपून ठेवला होता, वारा सांडून गेला होता. आता अचानक मनगट आठवलं, ते दुखणं आठवलं, त्यांच्या कपाळावरचे दोन केस वाऱ्याने हलत होते ते आठवलं. माझ्या आत कुणीतरी पंचेचाळीस वर्षं एका ओळीवर थांबलं होतं, आणि आता पुढच्या ओळीवर आलं. मला त्या धुळकट खोलीत, नोकरी जायच्या बेतात असताना, इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात पाच एकतीस झाले. हात हलला नाही. पाच बत्तीस. वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं नाही. किमान, किमान, मी स्वतःला सांगत होते, पण एक अख्खं मिनिट वर जात नसतं, हे मला ठाऊक होतं. मिनिट वर जायला त्या मोठ्या जावेकडे पाहुणे आलेले असायला हवेत. म्हणजे माझा हिशेब चुकला होता. म्हणजे ते झोपलं नव्हतं, गेलं होतं, आणि मी आपली झोपेच्या गोष्टी सांगत बसले होते.

"मॅडम, आता तरी," वायरमन म्हणाला. त्याचा स्क्रूड्रायव्हर हातात तयार होता. "ढीग बघा केवढा झाला. चालू करून निदान हातापाया पडू."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," स्टुलावरून बाई म्हणाल्या.

बटण माझ्यापासून वीतभर होतं. हिरवं, गुळगुळीत, बोटाच्या मापाचं. माझं सगळं आयुष्य त्या वीतभरात उभं राहून म्हणत होतं, टोच. काटा तर चारच्या पुढे गेलाय, गाडी चुकतेय, तीन माणसांची चूल आहे, टोच. आणि मला वाटलं, झोपलं असेल तर मी त्याचं हातातलं सगळं सांडणार. कुठल्या ओळीवर होतं, काय धरून होतं, सगळं. आणि गेलं असेल, तर दोन मिनिटांनी ते काही जास्त जाणार नाही. हे इतकं सरळ होतं की मला ते बावन्न वर्षं का कळलं नाही याचंच नवल वाटलं. मी हात मागे घेतला. हाताला काहीतरी हवं होतं म्हणून यंत्राच्या स्वीकृतीचे कागद घातलेलं पुठ्ठ्याचं फोल्डर उचललं. खोलीत उकडत होतं. पाच तेहतीस.

"काय करताय तुम्ही?" बाईंचा आवाज आला.

मी खाली पाहिलं. मला वाटत होतं मी स्वतःला वारा घालतेय. पण फोल्डर यंत्राच्या दिशेने हलत होतं, वरखाली, सावकाश, आणि त्या वाऱ्याने हाताने धरलेल्या पुस्तकाचं एक पान उचललं जात होतं आणि परत बसत होतं. वायरमन तोंड उघडं टाकून बघत होता. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"यंत्राला वारा घालताय?" बाई म्हणाल्या.

"हात लावलेला नाही," मी म्हणाले.

बाई काही बोलणार होत्या, त्यांनी ओठही उघडले होते, एवढ्यात लाल दिवा लागला. हाताने पुस्तक थोडं पुढे नेलं, दिव्यासमोर तिरकं धरलं, बदकाकडे शेवटचं एकदा नीट पाहिलं, आणि नाद सोडून अलगद 'माणसाने पाहावे'च्या पेटीत ठेवलं. मग वळला, पट्ट्यावरचं पुढचं उचललं, वाचलं, कथांच्या पेटीत. पुढचं, प्रवास. त्याच्या चालीत कुठे घाई नव्हती, शरम तर अजिबात नव्हती. वायरमनने "आयला!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग जीभ चावली. माझ्या जिवात जीव आला, तो पाठोपाठ डोळ्यांतूनही आला. मी भिंतीवर पाहिलं. पाच चौतीस.

"पण पाच एकतीसला उठायला हवं होतं," मी न राहवून म्हणाले. माझा स्वभाव, दुसरं काय. "तीन मिनिटं वर कशी गेली?"

"ते घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे," बाई म्हणाल्या. "मीच ठेवते. वाचक वेळेवर उठावेत म्हणून."

झोपायची वेळ मी यंत्राच्या घड्याळातून घेतली होती आणि उठायची भिंतीवरच्या. एकाच दिवसात दोनदा, दोन मापांची एक मोट. वायरमन हसून हसून खाली बसला. मग मीही हसले, मग बाईसुद्धा, शिक्का तोंडावर धरून. ढीग पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी संपला, कुणाच्या घड्याळाने ते मी विचारलं नाही. या वेळात दुसरं बदक आलं नाही, आलं असतं तर पुन्हा वीस मिनिटं. मी बाईंना तेही सांगून टाकलं, आणि उद्या सकाळी ती ओळ दुरुस्त करते असंही. "करा," त्या म्हणाल्या, "पण एक सेकंद जरा कमीच नाही का? दहा द्या बिचाऱ्याला." आणि तेच फोल्डर माझ्या हातातून घेऊन, आतल्या कागदावर सही करून, शिक्का मारला.

जिन्यात येऊन मी बाबांना फोन लावला. पाच वीस सोडून आमचं कधी फोनवर बोलणं होत नाही, त्यामुळे त्यांनी घाबरूनच उचलला.

"बाबा, उठलं."

"आपलं आपण?"

"आपलं आपण."

"टोचलं नाहीस?"

"नाही."

"मग तेवढा वेळ केलंस काय?"

"वारा घातला," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "मग ते केव्हाचं जागं असणार."